जुन्या स्प्रिंगांची बरणी

सगळे येतात ते हलकं करून मागायला.
"अजून दोनशे ग्रॅम काढ, व्रातिस्लाव," म्हणतात,
जणू मी न्हावी आहे.

मी काढतो.
घोड्याचे दात आखूड करतो, खटक्याची कड
भिंगाखाली धरून दगडावर फिरवतो,
चार वेळा, पाचव्यांदा नाही.
कारखान्याची जाड स्प्रिंग काढून
बारीक तारेची बसवतो.
काढलेली जाते बरणीत.
बरणी प्लमच्या मुरंब्याची. वर चिठ्ठी अजून चिकटलेली,
यार्मिलाच्या अक्षरात: साल ब्याण्णव, साखर कमी.

गुरुवारी ज्दिस्लावा ह्रुबेशोवा आली.
चाळीस वर्षं तीन गावांची टपाल सायकलवरून वाटलेली बाई.
आमच्या क्लबच्या भिंतीवर तिचं नाव पाच ठिकाणी आहे,
एका ठिकाणी चुकीचं कोरलेलं.
फेब्रुवारीत तिच्या डोक्यातली एक शीर फुटली,
हे सगळ्या वेसेलीला माहीत होतं,
म्हणून मी फक्त थंडीबद्दल बोललो.

तिने टेबलावर पिस्तूल ठेवलं
आणि भाच्याने ब्रनोहून आणलेलं पाकीट.
आत कापसावर निजवलेले सुटे भाग:
चकचकीत घोडा, आखूड दातांचा खटका,
केसासारखी स्प्रिंग.
"हे बसवायचं?"
"हे राहू दे. मला जड हवंय.
तुझ्याकडे असेल तेवढं जड."

एकतीस वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं.

तिने तर्जनी वर्तमानपत्रावर टेकवली.
"बघ."
काही झालं नाही. मग बोट आपलं आपणच वाकलं.
"हे माझ्याआधी जातं. माझा श्वास अजून आतच असतो
आणि याचं पत्र पेटीत पडलेलं असतं.
पेटीतलं पत्र परत काढता येत नाही,
रडणाऱ्या पोरींनासुद्धा मी हेच सांगायचे."

बरणी उपडी केली.
माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनी टाकून दिलेलं वजन
खेळांच्या पानावर खुळखुळत पसरलं.

घोड्याची स्प्रिंग जड करणं सोपं होतं,
पण मग स्लाइड ओढताना तिचा डावा हात हरला असता.
इथेच घोडं पेंड खात होतं.
म्हणून घोड्यामागे जुनीच ठेवली,
घोडा मात्र कारखान्याचा, खोल दातांचा,
आणि वजन घातलं खटक्याखाली, चापाच्या मागे.
सात स्प्रिंगा लावून पाहिल्या.
तिसरी बरी होती, पण तिला गंज होता.
सहावी कुणाची होती ते मला आठवलं; ती नाही लावली.
फायरिंग पिनची स्प्रिंग तेवढी नवी घेतली,
ती थकलेली होती, आणि तिथे जुन्याचं कौतुक नको.

काटा: दोन हजार तीनशे ग्रॅम.
"हे तर बैलगाडी ओढणं झालं," मी म्हणालो.
"दे इकडे."

रिकामं पिस्तूल, समोर रिकामी भिंत.
बोट थरथरलं, पुढे गेलं,
वजनाला टेकलं आणि थांबलं.
पुन्हा गेलं. पुन्हा थांबलं.
ती वाट बघत उभी होती, जशी
दार उघडायला उशीर करणाऱ्या घरापुढे उभी राहायची.
मग तिने ओढलं.
टक्.

"आता विचारतंय," ती म्हणाली.
"कोण?"
"बोट. जाऊ का म्हणून."

पैसे मोजून दिले, वर अक्रोडांची पिशवी.
भाच्याचं पाकीट टेबलावरच राहिलं, मुद्दाम की विसरून
ते मी विचारलं नाही.

शनिवारी स्तिबोर आला, दोनशे ग्रॅम काढून मागायला.
त्याला ते चकचकीत भाग अर्ध्या किमतीत दिले.
त्याची जाड स्प्रिंग हातात घेऊन
जरा वेळ दाबून पाहिली, अंगठ्याने,
तो मोबाइलमध्ये बघत होता तोवर.
चांगली होती. तिला काही झालं नव्हतं.